दारातला वरवंटा

“मला नुसतं त्यांच्याकडं पाणी मागू दे,” सुलूआत्ती म्हणाली. “फुलपात्र खाली ठेवायच्या आत सांगते घर कसलं आहे ते.”

“अक्का, घर नव्हे ते. उपचार केंद्र आहे,” पप्पा म्हणाले.

“पोरगी तिथं राहणार का नाही? मग घरच.”

हे सगळं आमच्या जयसिंगपूरच्या घरी, बाहेरच्या खोलीत चाललं होतं. ती पोरगी, म्हणजे मी, आतल्या खोलीत पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. वय वर्षं सोळा. खोलीचं दार सताड उघडं होतं, त्यामुळे एकूण एक शब्द ऐकू येत होता. दार उघडंच असायचं. मार्चपासून मी ते कुणाला लोटूच देत नव्हते. स्वयंपाकघरातला दगडी वरवंटा उचलून आणला होता आणि दाराच्या तळाशी आडवा टाकला होता, म्हणजे वाऱ्यानंसुद्धा ते हलू नये. पहिल्या आठवड्यात त्याला घरातला प्रत्येक जण ठेचकाळला. मग सवय झाली. आईनं पाट्यावरची चटणी सोडली आणि मिक्सरची सुरू केली.

दहावीच्या परीक्षेत बीजगणिताच्या पेपरला मी रडत बाहेर आले, ती नंतरच्या पेपरला गेलेच नाही. पुढं शाळा नाही, मैत्रिणी नाहीत, बस नाही, बाजार नाही. बाहेर जायचं नाव काढलं की छाती धडधडायची, हातापायांना मुंग्या यायच्या, आणि आता आपण मरतोय अशी खात्रीच वाटायची. का होतं विचारलं, की मी भिंतीकडं तोंड करायची. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण सांगितलं, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, मुलांसाठी नीट कार्यक्रम असतात, त्यात हिला घाला. तीन ठिकाणं सुचवली. जाऊन बघा आणि ठरवा, म्हणाले.

ठरवायचं कुणी? पप्पांचं म्हणणं, लांब ठेवू, शिस्तीत ठेवू, सहा महिन्यांत पोरगी ताठ उभी राहील. आईचं म्हणणं, माझी पोर मी कुठंच ठेवणार नाही. चार दिवस दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते, आणि मी तर कुणाशीच बोलत नव्हते. म्हणजे बघा. शेवटी पप्पांनी मागच्या गल्लीतून आपल्या थोरल्या बहिणीला बोलावलं.

सुलूआत्तीचं वधू-वर सूचक केंद्र होतं. केंद्र म्हणजे तिची बाहेरची खोली, एक टेबल आणि पोह्यांची कढई. दोनशेच्या वर लग्नं तिनं जमवली होती, आणि मोडली ती दोनच, तीही तिचं न ऐकल्यामुळं, असं ती स्वतःच सांगायची. तिचे नियम ठरलेले होते. पाणी मागून बघायचं. पुढचं दार सगळेच झाडतात, म्हणून मागचं दार बघायचं. आणि पोहे खाऊन झाल्यावर ‘तुला काही विचारायचंय का’ म्हटलं, की मुलीनं ‘नाही’ म्हणायचं नाही, एक तरी प्रश्न विचारायचाच. विचारेपर्यंत ती मुलाकडच्यांना चहा देत नसे. एकदा म्हणे एका मुलीनं पाऊण तास घेतला आणि मुलाचे मामा चहावाचून घेरी येऊन आडवे झाले.

ती माझ्या खोलीत आली. वरवंट्याला न ठेचकाळता आली, हे मी बघितलं.

“चंदे, ऊठ. उद्या तुझी स्थळं बघायला जायचंय.”

“मी नाही येत.”

“उतरू नको. नुसती गाडीत बसून राहा. बघायला काय पैसे पडतात?”

मी पलंगाच्या कडेला सरकले. मग म्हटलं, “गाडीचं दार लावणार नसाल तर.”

आत्तीनं माझ्याकडं बघितलं, मग वरवंट्याकडं बघितलं.

“बांधू की सुतळीनं,” ती म्हणाली. “वीतभर उघडं ठेवून. त्यात काय एवढं!”

दुसऱ्या दिवशी पहाटे आमची मारुती व्हॅन निघाली. आत्ती सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाही, म्हणून तिन्ही ठिकाणं उरकून उजेडी घरी पोचायचं होतं. पप्पा चालवत होते, आत्ती पुढं, आई आणि मी मागं, आणि सरकणारं दार सुतळीनं सीटच्या दांडीला बांधलेलं. फटीतून वारा असा यायचा की आईचा पदर माझ्या तोंडावर. पप्पा आरशातून बघत पुटपुटत होते, “पोलिसानं अडवलं तर काय सांगू?”

“सांग, पोरगी दाखवायला चाललोय, वारा घालत नेतोय,” आत्ती म्हणाली.

पहिलं ठिकाण डोंगरावर होतं. हिरवळ, कारंजं, कोट घातलेला व्यवस्थापक. पाणी काचेच्या ग्लासात, वर लिंबाची चकती. मला गाडीतून काचेच्या भिंतीमागं सगळं दिसत होतं. आईचा चेहरा हळूहळू पडत होता आणि पप्पांचा उजळत होता. आत्ती मात्र पाच मिनिटांत तिथं नव्हती. ती इमारतीला वळसा घालून मागं गेली होती. एक पहारेकरी तिच्या मागं पळत गेला आणि दोघं परत आले तेव्हा तो तिच्या गावच्या पाव्हण्यांची विचारपूस करत होता.

“नको,” गाडीत बसता बसता ती म्हणाली.

“अगं अक्का, बाग बघितलीस का?”

“बघितली. पहिला दीड महिना आईबापानं भेटायचं नाही, फोन करायचा नाही, हेही ऐकलं. असली सासरं मी पाहिलीयत, भरतू. मुलगी रमावी म्हणून माहेर तोडतात. मुलगी रमत नाही, फक्त तिचं रडणं माहेरी ऐकू येत नाही.”

आईनं पदर डोळ्याला लावला. त्या घटकेला तिनं आत्तीला मनातल्या मनात नमस्कार केला असणार, आणि वन्संना नमस्कार करणं तिला काही सोपं नव्हतं.

दुसरं ठिकाण माळावर होतं आणि ते पप्पांच्या मनातलं होतं. मोठं पटांगण, एका ओळीत पांढरे बनियन घातलेली मुलं, गळ्यात शिट्टी अडकवलेले सर. “बसा” म्हटलं की पन्नास मुलं एकदम बसत होती. पप्पांचा मोटारी दुरुस्तीचा कारखाना, त्यांना एकदम चालू आणि एकदम बंद होणाऱ्या गोष्टी फार आवडायच्या.

व्हॅन नेमकी राहायच्या खोल्यांसमोर उभी होती. मी त्या खोल्यांची रांग, त्यांची उघडी दारं बघितली, आणि सीटवरून घसरून खाली, आईच्या चपलांशी जाऊन बसले. घाम फुटला. तिथूनच मी आत्तीचा आवाज ऐकला.

“काय रे बाळा, जेवलास का?”

उत्तर आलं नाही. मग सरांचा आवाज आला, “सांग.” मग मुलाचा, “जेवलो.”

आत्ती गाडीकडं आली ती तरातरा.

“अक्का, शिस्त बघ काय आहे!” पप्पा मागून पळत आले.

“बघितली. जेवलास का विचारलं तर पोरगं सरांच्या तोंडाकडं बघतंय. पोह्यावर खोबरं घालू का विचारल्यावर आईकडं बघणारा नवरा मी कुणाला देत नाही. चल.”

“मग करायचं काय?” पप्पांचा आवाज चढला. पाच महिन्यांचं साठलेलं होतं ते. “पोरगी अशीच ठेवायची का? दारात वरवंटा टाकून? तिच्या वर्गातली बाकीची पोरं अकरावीला गेली! मी रोज कारखान्यात जातो आणि रोज वाटतं, आज घरून फोन येणार. काय फोन येणार ते मला बोलवतसुद्धा नाही!”

मी खालूनच त्यांच्या चपला बघत होते. पप्पा रागावलेत एवढंच मला इतके दिवस माहीत होतं. ते घाबरलेत हे त्या दिवशी कळलं, आणि मला फार वाईट वाटलं.

रस्त्याकडेच्या लिंबाखाली जेवायला थांबलो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. आत्तीनं एक घास खाल्ला आणि सवयीनं बोलून गेली, “मिक्सरची गं त्रिशला. जीव नाही हिच्यात.” आई एरवी नणंदेला चोख उत्तर द्यायची. त्या दिवशी तिनं नुसतं दही पुढं केलं आणि माझ्याकडं चुकूनसुद्धा बघितलं नाही.

तिसरं ठिकाण मिरजेत, वाटेवरच, म्हणून जायचं म्हणून गेलो. एक जुनाट भाड्याचा बंगला. दारात चपलांचा ढीग, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. ओसरीवर चार-पाच मुलंमुली कॅरमवरून भांडत होती. “सोंगटी हलवलीस!” “नाही हलवली!” “देवाशप्पथ सांग!” आत्ती पायरीवर जाऊन उभी राहिली. कुणी मान वर केली नाही. ती खाकरली. तरी नाही. पाण्याचं तर नावच नको. मागून मला तिची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवर ‘नको’ लिहिलेलं होतं.

इतक्यात आतून एक बाई आल्या. केसांचा बुचडा, त्यात खोचलेली पेन्सिल, हाताला डिंक.

“अय्या, तुम्ही जयसिंगपूरचे मगदूम! आज येणार होता का? मला उद्या वाटलं.”

“उद्या येऊ का मग?” आत्ती म्हणाली. हा तिचा सर्वांत वाईट आवाज होता.

“छे छे! मी विभावरी खोत, डॉक्टर. मुलगी कुठाय?”

“गाडीत. उतरत नाही ती.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि मोठ्या माणसांना तसंच पायरीवर सोडून सरळ व्हॅनकडं आल्या. दाराच्या फटीशी खाली जमिनीवरच बसल्या. त्यांचं डोकं माझ्या गुडघ्याएवढं आलं.

“तू चंदना. तुझ्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलंय मला. मी सकाळी दहा ते पाच मुलांबरोबर असते. पाचला सगळी घरी जातात. इथं आलीस तरी तुला घाबरायला होणार, मी काही ते लगेच थांबवू शकत नाही. पण तेव्हा कुणीतरी शेजारी बसेल. झालं माझं. मला तुला काही विचारायचं नाही. तुला काही विचारायचंय?”

“ती बोलत नाही हो,” मागून आत्ती म्हणाली. “पाच महिने झाले, कुणाशी…” आणि ती मध्येच थांबली. स्वतःचंच काहीतरी तिला आठवलं असावं. ती गाडीजवळ आली आणि एकदम वेगळ्या आवाजात म्हणाली, “विचार चंदे. एक तरी विचार. तू विचारल्याशिवाय आज चहा नाही कुणाला.”

मला ते घेरी आलेले मामा आठवले. आणि तोंडातून निघूनच गेलं.

“इथल्या दारांना बाहेरून कडी आहे का?”

“काय?” पप्पा म्हणाले.

बाईंनी ‘का गं’ म्हणून विचारलं नाही. त्या खरोखरच विचारात पडल्या. “आहे का बरं?” मग वळून ओरडल्या, “ए, आपल्या दारांना बाहेरून कड्या आहेत का रे?”

कॅरम थांबला. सगळ्यांना एकदम उत्तर द्यायचं होतं. “हॉलला आहे, पण गंजलीय, लागत नाही!” “ऑफिसला आहे, कुलपासाठी!” “बाथरूमला तर आतूनपण नाही!”

“ते खरंय,” बाई ओशाळून म्हणाल्या. “बाथरूमची कडी तुटलीय, सुतार आज येतो उद्या येतो करतोय. म्हणून आत गेलं की मोठ्यानं पाढे म्हणायचे, म्हणजे बाहेरच्याला कळतं कुणीतरी आहे.”

आणि खरंच, घराच्या पोटातून एक घोगरा आवाज येत होता, “सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस…”

पप्पा वाकून फटीतून माझ्याकडं बघत होते. “कडीचं काय, चंदू?”

मग मी सांगितलं. बीजगणिताच्या पेपरला वर्गाबाहेर कॉपी पुरवणाऱ्यांची झुंबड होती. खिडकीतून कागदाचे बोळे येत होते. शिपायानं वैतागून आमच्या वर्गाला बाहेरून कडी घातली. मी दुसऱ्या बाकावर होते, आवाज ऐकला, आणि मला श्वासच घेता येईना. दारावर हात मारले. पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, नाटकं करू नको, बस. बाकीची मुलं हसली. कडी निघेपर्यंत किती वेळ गेला मला माहीत नाही. मी तेवढ्या वेळात मेले होते असंच मला वाटत होतं. तेव्हापासून कुठंही गेलं की मी आधी दार बघते, आणि जगात सगळीकडं दारं असतात.

“त्या माळावरच्या पोरांच्या खोल्यांना,” मी म्हटलं, “आतून कड्याच नव्हत्या. नुसत्या बाहेरून होत्या.”

“अगं मग सांगितलं का नाहीस?” आई रडायला लागली. “पाच महिने! अगं मला तरी…”

“काय सांगू? दाराला कोण घाबरतं, आई?”

पप्पा व्हॅनच्या टपावर हात ठेवून नुसते उभे राहिले, आणि त्यांची हनुवटी हलत होती.

त्या शांततेत बाथरूममधला पाढा स्पष्ट ऐकू यायला लागला. “सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचा…” थांबला. “सतरा पाचा… सतरा पाचा…” आवाज केविलवाणा झाला. ओसरीवरची मुलं खिदळायला लागली. “अडकला! ओंकार अडकला!” “आता आठवेपर्यंत बाहेर येऊ नको!”

“पंच्याऐंशी!” मी ओरडले.

कसं ओरडले माहीत नाही. पाच महिन्यांत मी ओरडले नव्हते. आतून आवाज आला, “थँक्यू!” आणि सगळी मुलं हसली, बाई हसल्या, रडता रडता आई हसली, आणि मग माझ्याही पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं तेच येतंय, धडधड. पण ते हसू होतं.

“मला बघायचंय ते दार,” मी म्हटलं.

पप्पा सुतळी सोडायला धावले. त्यांनीच मारलेली गाठ त्यांना सुटेना. “व्हा बाजूला,” मी म्हटलं आणि मीच ती सोडली. खाली उतरले. चपलांचा ढीग ओलांडून आत गेले. मागून कुणी येत नव्हतं. बाईंनी हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं होतं, हे मला नंतर आईनं सांगितलं.

दार बघितलं. कडीच्या जागी दोन भोकं होती. ओंकार नावाचा एक लांबडा मुलगा ओले हात झटकत म्हणाला, “एकोणीसचा येतो का तुला? तिथं मी कायम मरतो.” शेजारीच स्वयंपाकघर होतं. फिल्टर होता, भांडी पालथी घातली होती. मी एक फुलपात्र घेतलं, भरलं, आणि बाहेर ओसरीवर घेऊन आले.

“आत्ती, पाणी.”

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. “कुणी दिलं?”

“मीच घेतलं. कुणी काही म्हटलं नाही.”

तिनं ते उभ्यानंच, एका दमात प्यायलं. फुलपात्र कठड्यावर ठेवलं.

“भरतू, स्थळ पसंत आहे.”

“पण अक्का,” पप्पा डोळे पुसत म्हणाले, “पाण्याला विचारलं नाही त्यांनी.”

“आपल्या पोरीनं आणून दिलं की! सासरी पहिल्याच दिवशी मुलगी न विचारता स्वतःच्या हातानं पाणी घेते, असं घर दोनशे लग्नांत मला एक मिळालं नाही.” मग बाईंकडं वळून, “तेवढ्या चपला मात्र नीट लावत जा हो.”

उजेडी घरी पोचलो. आत्ती घाईनं जेवून घेत होती, तेव्हा पप्पा पेटीतून स्क्रूड्रायव्हर घेऊन उठले आणि घरातल्या दारांच्या बाहेरच्या कड्या एकेक करून काढायला लागले. माझ्या खोलीची, स्वयंपाकघराची, न्हाणीघराची. भरात त्यांनी पुढच्या दाराचीही काढली. त्यानंतर कितीतरी दिवस आम्हाला घराला कुलूप लावता येईना. कुणाच्या लग्नाला जायचं झालं तर आत्तीला घर राखायला बसावं लागायचं, आणि दुसऱ्यांची लग्नं जमवून स्वतः एकाही लग्नाला जाता येत नाही, म्हणून ती पप्पांच्या नावानं बोटं मोडायची.

सगळं काही लगेच झालं नाही. पहिल्या आठवड्यात मिरजेच्या वाटेवरच्या अंकलीच्या पुलावरून दोनदा मी घरी परत आले. एकदा मिरजेच्या त्या बाथरूममध्ये मी एवढी घाबरले की एकोणतीसपर्यंत पाढे म्हटले, आणि बाहेर ओंकार प्रत्येक पाढ्याला टाळी देत बसला होता. सुतार अखेर आला, पण तोवर मुलांनी कडी बसवायला नको म्हणून सांगितलं होतं. पुढच्या मार्चमध्ये मी राहिलेले पेपर दिले. वर्गाचं दार उघडं ठेवावं म्हणून पप्पा स्वतः जाऊन मुख्याध्यापकांशी बोलून आले होते. बीजगणितात मला फार गुण पडले नाहीत. पण पडले.

याला आता चौदा वर्षं झाली. आत्ती अजून स्थळं बघते. आता पाण्याच्या आधी ती घरभर फिरून दारं बघते, पुढून आणि मागून. लोकांना वाटतं वास्तुशास्त्र बघते, आणि तीही त्यांना वाटू देते.

राहिलेले पेपर दिल्यानंतरच्या रविवारची गोष्ट सांगते आणि थांबते. दुपारी उठले, खाली वाकले, आणि दारातला वरवंटा उचलला. वर्षभरात त्यावर धूळ बसली होती आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा जड होता. दोन्ही हातांनी पोटाशी धरून स्वयंपाकघरात नेला, धुतला आणि पाट्यावर ठेवला. आई कणीक मळत होती. तिनं हात धुतले, डब्यातून भाजलेले शेंगदाणे काढले, मीठ, लसूण, तिखट घेतलं आणि पाट्यासमोर बसली.

बाहेरच्या खोलीत आत्ती कुणा मुलाच्या आईशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता थांबली.

“एक मिनिट हं बाई, ठेवा फोन,” ती म्हणाली. “आमच्याकडं चटणी वाटायला लागलीय.”